मार्च २००९मधली ती नोकरी कोणाच्या खात्यावर?

पत्र : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मिस्टर १९९९मध्ये वाय-टू-केच्या कामासाठी पुण्याहून इकडे आले, मागून मी आले. मुलगा इथलाच, आता बावीस वर्षांचा आहे, कॉलेज संपत आलंय. गेल्या निवडणुकीपासून बापलेकांचं बोलणं आटत आटत ‘कोशिंबीर इकडे सरकव’ एवढ्यावर आलं आहे. निमित्त एका आलेखाचं. १९८९नंतर अमेरिकेत वाढलेल्या जवळपास सगळ्या नोकऱ्या डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात वाढल्या, असं मुलाने जेवताना सांगितलं आणि फोन पुढे केला. मिस्टरांनी ताट बाजूला सारलं. मार्च २००९मध्ये त्यांचा ले-ऑफ झाला होता, ओबामा येऊन दोनच महिने झाले होते. चौदा महिने ते घरी होते. ग्रीन कार्ड आदल्याच वर्षी आलं होतं, मी नुकतीच एका डेकेअरमध्ये लागले होते. मधल्या काळात मिस्टर ओळखीच्यांच्या इंडियन ग्रोसरीत शनिवार-रविवार काउंटरवर उभे राहायचे. ते मुलाला म्हणाले, ‘या आलेखात मी कुठे आहे ते दाखव.’ मुलगा म्हणाला, ‘बाबा, एका माणसाने आकडा बदलत नाही.’ तेव्हापासून घर शांत आहे, आणि ही शांतता मला सोसत नाही. त्यात चिंचवडचे दीर फॅमिली ग्रुपवर रोज लिहितात की अमेरिकेचे आकडे सगळे बनवलेले असतात. खरं कोणाचं? मी दोघांना काय सांगू? – एक वाचक, एडिसन

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातला सगळ्यात नेमका प्रश्न तुमच्या मिस्टरांनी विचारला आहे : या आलेखात मी कुठे आहे ते दाखव. या प्रश्नाला उत्तर आहे. ते त्यांना कोणी दिलं नाही, म्हणून ताट बाजूला सरलं. मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. फळ्यावर आलेख काढला की मागच्या बाकावरून असाच एखादा प्रश्न यायचा आणि पुढचा सगळा तास त्यातच जायचा. ते तास मला अजून आठवतात. म्हणून आज त्यांना आलेखात शोधू या. पण आधी मुलाचं.

त्याचा आकडा बरोबर आहे, आणि हे मिस्टरांनी मान्य केलं पाहिजे. ऑगस्ट २०२४मध्ये शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन झालं, तिथे बिल क्लिंटन यांनी हेच सांगितलं होतं. १९८९पासून सुमारे ५ कोटी १० लाख नोकऱ्या वाढल्या, त्यातल्या ५ कोटी डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात. हिशेब मांडून बघितला तर जुळतो. क्लिंटन यांच्या आठ वर्षांत सुमारे २ कोटी २९ लाख, ओबामांच्या आठ वर्षांत सुमारे १ कोटी १६ लाख, आणि बायडेन यांच्या त्या वेळेपर्यंतच्या साडेतीन वर्षांत दीड कोटीच्या वर. दुसरीकडे रिपब्लिकनांत थोरल्या बुश यांचे सुमारे २६ लाख, धाकट्या बुश यांच्या आठ वर्षांत मिळून जेमतेम १३ लाख, आणि ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीअखेर सुमारे २७ लाख नोकऱ्या उलट कमी. तिघांची बेरीज-वजाबाकी करा, हातात दहा-बारा लाख उरतात. हे आकडे मागाहून थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र पालटत नाही.

तेव्हा मुलगा खोटं बोललेला नाही. त्याने फक्त ती बेरीज कशी केली जाते हे बघितलेलं नाही.

अमेरिकेत नोकऱ्यांचा आकडा साधारणपणे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी साडेआठला जाहीर होतो. चिंचवडला तेव्हा संध्याकाळचे सहा किंवा सात वाजलेले असतात, म्हणून दिरांचा मेसेज तुम्हाला कामावर जाता जाता मिळत असणार. हा आकडा ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स काढतं. त्यासाठी दोन वेगळ्या पाहण्या होतात. एकीत सुमारे १ लाख २० हजार कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांना विचारतात की महिन्याची १२ तारीख ज्या पगाराच्या काळात येते, त्या काळात तुमच्या पगारपत्रकावर किती माणसं होती. दुसरीत सुमारे ६० हजार घरांना विचारतात की त्या आठवड्यात घरातल्या कोणी काम केलं का, केलं नसेल तर शोधलं का. ‘इतक्या नोकऱ्या वाढल्या’ हा आकडा पहिल्या पाहणीचा, आणि ‘बेकारी इतके टक्के’ हा दुसरीचा. मुलाचा आलेख पहिल्या पाहणीवर उभा आहे. तिच्यात शेतावरचे मजूर नाहीत, स्वतःचा धंदा करणारे नाहीत, घरकाम करणाऱ्या बायकाही नाहीत. तिथे माणसं मोजत नाहीत, पगारपत्रकावरच्या जागा मोजतात. दोन ठिकाणी काम करणारा माणूस तिथे दोनदा मोजला जातो.

आता १२ तारीख आणि शपथविधी हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. अध्यक्ष शपथ घेतो २० जानेवारीला. म्हणजे जानेवारीचा आकडा जाणाऱ्याचा, आणि येणाऱ्याची मोजणी फेब्रुवारीपासून. नव्या अध्यक्षाचं पहिलं आर्थिक वर्ष सुरू होतं १ ऑक्टोबरला, तोवर चालू असतं ते आधीच्याच्या काळात सुरू झालेलं वर्ष. तरी आलेख त्या आठ महिन्यांचं सगळं नव्याच्या नावावर टाकतो. पाटलाच्या मळ्यात पेरणी एकाने केली आणि सुगीच्या आधी सालगडी बदलला, तर पीक नव्या गड्याच्या नावावर धरायचं, तसा हा प्रकार.

तर मिस्टर या आलेखात पहिल्यांदा दिसतात ते १९९९मध्ये. अधिक एक. क्लिंटन यांच्या त्या २ कोटी २९ लाखांमधले ते एक आहेत. मुलाला हे सांगा, त्याने कधी तसा विचार केला नसेल. पण तो अधिकाचा आकडा नक्की कोणामुळे? एच-वन-बी व्हिसाची वर्षाची मर्यादा तेव्हा ६५ हजारांची होती. ऑक्टोबर १९९८च्या कायद्याने ती पुढच्या दोन वर्षांसाठी १ लाख १५ हजार झाली. सही क्लिंटन यांची, पण कायदा करणारी काँग्रेस रिपब्लिकनांच्या ताब्यात होती. आणि तुमच्या मिस्टरांना इकडे आणलं ते ज्या कामाने, त्याचं मूळ तर कुठल्याच पक्षात नव्हतं. पन्नास-साठच्या दशकापासून संगणकात जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची सवय पडली होती. २००० साल आलं तसा त्या सवयीचा हिशेब चुकता करायची वेळ आली, आणि पुण्या-मुंबईतली आपली किती मुलं कोबोल ही जुनी संगणकभाषा शिकून विमानात बसली! त्या सगळ्यांचे अधिकाचे आकडे क्लिंटन यांच्या खात्यावर जमा आहेत.

क्लिंटन यांनी काहीच केलं नाही असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या काळात अर्थसंकल्पातली तूट भरून निघाली, शेवटी शिल्लक राहिली, ही मोठी गोष्ट होती. पण त्यांच्या आठ वर्षांत इंटरनेट घराघरांत शिरलं, कामावर जाणाऱ्या बायकांचं प्रमाण ६० टक्क्यांवर पोचलं (ते तिथून पुढे खालीच आलं), आणि मार्च २०००मध्ये शेअर बाजारातला तंत्रज्ञानाचा फुगा फुटायला लागला. त्या फुटण्याची मंदी अधिकृतपणे मोजतात ती मार्च २००१पासून. तोवर व्हाइट हाउसमध्ये धाकटे बुश येऊन दोन महिने झाले होते. मंदी त्यांच्या खात्यावर गेली.

दोन महिने. तुमच्या पत्रातही हेच दोन महिने आहेत.

आता मार्च २००९कडे येते. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या घराचं दुखणं या महिन्यात आहे. ती मंदी अधिकृत नोंदीप्रमाणे सुरू झाली डिसेंबर २००७मध्ये. सप्टेंबर २००८मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. २००८च्या शेवटच्या महिन्यांपासून दर महिन्याला पाच-सात लाख नोकऱ्या जात होत्या. २० जानेवारी २००९ला ओबामांनी शपथ घेतली. १७ फेब्रुवारीला त्यांनी मदतीच्या मोठ्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याचा पैसा रस्त्यांच्या कंत्राटापर्यंत आणि शाळांच्या पगारापर्यंत पोचायचा होता, त्याआधीच मार्च उजाडला. मिस्टरांच्या कंपनीत नावांची यादी कधी ठरली असेल याचा अंदाज मिस्टरांना माझ्यापेक्षा चांगला असेल. एवढी माणसं कमी करायचं ठरवायला कंपनीला महिने लागतात, आणि ज्यांचं नाव यादीत आहे त्यांना ते शेवटच्या दिवशी, एखाद्या छोट्या खोलीत, एचआरची बाई समोर बसवून कळतं.

आलेखात तो महिना ओबामांच्या रंगात आहे. मार्च २००९मध्ये आठ लाखांच्या आसपास नोकऱ्या गेल्या, त्यातले वजा एक तुमचे मिस्टर. १२ तारखेनंतर काढलं असेल तर ते एप्रिलच्या आकड्यात असतील. फेब्रुवारी २०१०मध्ये नोकऱ्यांनी तळ गाठला, तोवर ओबामांच्या खात्यावर ४० लाखांहून जास्त नोकऱ्यांची वजाबाकी झाली होती. मुलगा ज्या १ कोटी १६ लाखांचा अभिमान बाळगतो, ते या वजाबाकीनंतरचे आहेत. अध्यक्षाचं पहिलं वर्ष आधीच्याच्या खात्यावर टाकायचं असं ठरवलं, तर ओबामांचा आकडा दीड कोटीच्या वर जातो आणि धाकटे बुश सरळ उणे होतात. तेव्हा मिस्टरांना मी एवढंच म्हणेन की ज्या नोकरीचा राग तुम्ही ओबामांवर सोळा-सतरा वर्षं धरून आहात, ती नोकरी बुडायला सुरुवात झाली ते इलिनॉयचे एक सिनेटर होते तेव्हा. राग खोटा नाही. चौदा महिने घरी बसलेल्या माणसाला कोणाचं तरी नाव लागतं, आणि रोज टीव्हीवर दिसणारा चेहरा तेव्हा त्यांचाच होता.

आणि त्या ग्रोसरीतल्या काउंटरचं. दुकानदाराने मिस्टरांना रीतसर पगारपत्रकावर घेतलं असेल, तर ते शनिवार-रविवार सरकारी मोजणीत पूर्ण एक नोकरी म्हणून चढले. घरोघरच्या पाहणीत तर आठवड्याला एक तास मजुरीचं काम केलं तरी माणूस बेकार धरत नाहीत. म्हणजे प्रोग्रॅमिंगची नोकरी गेली तो वजा एक, आणि तांदळाच्या पिशव्या स्कॅन केल्या तो अधिक एक. दोन्हींची आलेखातली उंची सारखीच. चौदा महिन्यांनी नवीन नोकरी लागली तो आणखी अधिक एक, मग तिचा पगार आधीपेक्षा कमी असला तरी. तसं असेल, तर ओबामांच्या खात्यावर तुमच्या एका घरातून एक वजा आणि दोन अधिक जमा झाले आहेत. काउंटरवरची जागा मागाहून कोणी भरली नसेल, तर आणखी एक वजा. हे मुलाला माहीत नव्हतं, आणि मला वाटतं मिस्टरांनाही नव्हतं. मला स्वतःला या मोजणीतली ही जागा नेहमी टोचत आली आहे. ही पाहणी जागा मोजायलाच केलेली आहे, काम कसलं आणि पगार किती हे या आकड्यात उतरतच नाही. ज्याच्यावर ते दिवस आले, त्याला तो आलेख खोटा वाटला तर नवल नाही.

आता मुलाकडे वळते, कारण न्याय दोघांना सारखा लावायचा. ओबामांचं पहिलं वर्ष आपण समजून घेतलं, तर ट्रम्प यांचं २०२० साल त्याच डोळ्यांनी बघावं लागेल. फेब्रुवारी २०२०मध्ये बेकारी ३.५ टक्के होती. मार्च आणि एप्रिल मिळून सुमारे २ कोटी २० लाख नोकऱ्या गेल्या, एप्रिलची बेकारी १४.७ टक्के जाहीर झाली. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत त्यातल्या १ कोटी २० लाखांहून जास्त परतही आल्या. उरलेल्या आल्या नाहीत, म्हणून चार वर्षांचा हिशेब उणे २७ लाखांवर बंद झाला. महामंदीच्या काळातल्या हूवर यांच्यानंतर नोकऱ्या घटवून पायउतार झालेले ट्रम्प हे पहिले अध्यक्ष, हे वाक्य खरं आहे. पण त्याच वाक्यातून कोरोनाची साथ गाळली तर ते ऐकणाऱ्याला फसवतं. आणि बायडेन यांच्या खात्यावरच्या दीड कोटीहून जास्त नोकऱ्यांपैकी ९० लाखांहून जास्त या साथीत बंद झालेल्या आणि पुन्हा उघडलेल्या जागा आहेत. बंद पडलेलं हॉटेल उघडलं, वेटर परत आला, अधिक एक. २०२२च्या जूनच्या आसपास जुनी पातळी गाठली गेली. त्यानंतर वाढलेल्या त्या निखळ नव्या, आणि त्याही थोड्या नाहीत.

साथ बाजूला ठेवून तुलना करायची असेल तर ट्रम्प यांची पहिली तीन वर्षं आणि ओबामांची शेवटची तीन वर्षं शेजारी मांडा. ट्रम्प यांच्या तीन वर्षांत ६५ लाखांच्या आसपास, ओबामांच्या तीन वर्षांत ८० लाखांच्या आसपास. मिस्टर म्हणत असतील तसा २०१७नंतर चमत्कार झाला नाही, आणि मुलगा म्हणत असेल तसा बट्ट्याबोळही झाला नाही. ओबामांच्या काळात रुळावर आलेली गाडी जवळपास त्याच वेगाने चालत राहिली, आणि बेकारी खाली खाली येत गेली.

कार्टर यांचं एक सांगते आणि पुढे जाते. रिपब्लिकन रेगन यांच्या आठ वर्षांत सुमारे १ कोटी ६१ लाख नोकऱ्या वाढल्या, त्यांच्या आधीचे डेमोक्रॅट कार्टर यांच्या चार वर्षांत सुमारे १ कोटी ३ लाख. एकूण बघितलं तर रेगन पुढे. वर्षाच्या टक्केवारीत बघितलं तर कार्टर वर्षाला ३ टक्क्यांच्या वर, रेगन २ टक्क्यांच्या आसपास. तरी १९८०मध्ये लोकांनी कार्टर यांना घरी पाठवलं, कारण महागाई १३ टक्क्यांवर होती आणि इराणमध्ये ओलीस धरलेली माणसं सुटत नव्हती. ती महागाई उतरवायला फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या पॉल व्होल्कर यांनी व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात नेले. व्होल्कर यांना नेमलं कार्टर यांनी, त्या व्याजदरांची मंदी सोसली रेगन यांनी, १९८२च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के झाली, आणि महागाई उतरल्यावरच्या तेजीचं श्रेयही रेगन यांनाच मिळालं. मुलगा अर्थशास्त्राचा एखादा पेपर घेत असेल, तर त्याने एवढं एक प्रकरण नीट वाचावं.

डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात अर्थव्यवस्था जास्त वाढते का, हा प्रश्न प्रिन्स्टनच्या अ‍ॅलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या दोघांनी नीट तपासला आहे. ट्रूमनपासून ओबामांच्या पहिल्या कारकिर्दीपर्यंत त्यांनी बघितलं. नोकऱ्यांऐवजी देशाच्या एकूण उत्पादनाच्या वाढीवर त्यांचा भर होता. डेमोक्रॅटांच्या काळात वर्षाला सुमारे ४.३ टक्के, रिपब्लिकनांच्या काळात सुमारे २.५ टक्के. फरक खरा आहे, मोठा आहे. पण कारण शोधायला गेल्यावर त्यांना सरकारी खर्च किंवा व्याजदराची धोरणं सापडली नाहीत. निम्म्याच्या आसपास फरक सापडला तो तेलाच्या भावाचे धक्के, उत्पादकतेतली वाढ आणि बाहेरच्या जगाची परिस्थिती यांत. त्यातलं बरंचसं नशीब म्हणावं असं. यातले ब्लाइंडर हे क्लिंटन यांच्या आर्थिक सल्लागारांच्या मंडळात होते, हे मिस्टरांना जरूर सांगा. आपल्याच माणसाच्या श्रेयातून नशिबाचा वाटा वेगळा काढून दाखवणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

राहिले चिंचवडचे भावजी. त्यांच्याशी वाद घालू नका, पण त्यांना समजेल अशी एक गोष्ट मला माहीत आहे. माझे वडील तलाठी होते. खरिपाची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, आपल्याकडे तीनदा लागते : आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. सप्टेंबरात उभं पीक बघून वडील आकडा लिहायचे. डिसेंबरात कापणी होऊन दाणा हातात आला की तोच आकडा पन्नास पैशांच्या खाली यायचा, आणि कधी वरही जायचा. गावातली माणसं चिडायची, ‘तलाठ्याने आकडा फिरवला’ म्हणायची. वडील घरी येऊन काही बोलायचे नाहीत, हातपाय धुऊन दिव्याखाली पुन्हा वही उघडून बसायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते, पण त्या वहीत एकाच गटासमोर वेगवेगळ्या शाईत लिहिलेले तीन आकडे मला अजून दिसतात. तिन्ही त्यांनी प्रामाणिकपणेच लिहिलेले होते. दुसऱ्या वेळी जास्त दिसायचं, तिसऱ्या वेळी सगळं दिसायचं, एवढाच फरक.

अमेरिकेतला नोकऱ्यांचा आकडा असाच लागतो. पहिल्या शुक्रवारचा आकडा म्हणजे नजरअंदाज. सगळ्या कंपन्यांची उत्तरं तोवर आलेली नसतात. पुढचे दोन महिने तो सुधारतात. मग वर्षातून एकदा बेकारी विम्याच्या नोंदींशी, म्हणजे जवळपास प्रत्येक मालकाने सरकारला भरून दिलेल्या कागदांशी, तो ताडून बघतात. ती अंतिम पैसेवारी. ऑगस्ट २०२४मध्ये ब्यूरोने सांगितलं की मार्च २०२४पर्यंतच्या वर्षात आपण ८ लाख १८ हजार नोकऱ्या जास्त धरल्या असाव्यात. पक्का हिशेब झाला तेव्हा ही चूक ५ लाख ९८ हजारांची निघाली. भावजी बहुधा यावरूनच बोलत असतात. त्यांना विचारा की बायडेन सरकारला आकडे बनवायचेच असते, तर निवडणूक अडीच महिन्यांवर असताना आपल्याच विरुद्ध जाणारा आकडा त्या सरकारच्या खात्याने जाहीर का होऊ दिला असता? सप्टेंबर २०२५मध्ये पुन्हा तसंच झालं, पहिला अंदाज ९ लाख ११ हजारांच्या कपातीचा आला, आणि तो काळही बहुतेक बायडेन यांचाच होता.

त्याच्या महिनाभर आधी ट्रम्प यांनी ब्यूरोच्या आयुक्त एरिका मॅकएंटार्फर यांना काढून टाकलं. १ ऑगस्ट २०२५चा तो दिवस. सकाळी आलेल्या अहवालात मे आणि जूनचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली आले होते. या बाईंची नेमणूक बायडेन यांनी केली होती हे खरं, पण सिनेटने ती ८६ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केली होती, आणि होकार देणाऱ्यांत तेव्हाचे सिनेटर, पुढे ट्रम्प यांचे उपाध्यक्ष झालेले जे. डी. व्हान्सही होते. आयुक्त आकडे काढत नाही. ते खालचे कर्मचारी काढतात, आयुक्ताकडे ते तयार होऊन येतात. त्या दिवशी मला वडिलांची वही आठवली. सुधारित आकडा लिहिला म्हणून तलाठ्याला काढलं, तर पुढचा तलाठी तिसरा आकडा लिहायला धजेल का? या बाबतीत मी मधलं बोलणार नाही. ते काढणं चूक होतं, आणि उद्या डेमोक्रॅट अध्यक्षाने तसंच केलं तरी ते चूकच असेल. मिस्टरांनी ट्रम्प यांना मत दिलं असेल तर असो, पण या मोजणीची त्यांना स्वतःला गरज आहे. २००९ साली त्यांची नोकरी गेली याची नोंद देशाच्या पातळीवर कुठे असेल तर ती या मोजणीतच आहे.

आता तुम्ही काय करायचं ते. आधी मुलाशी एकटीने बोला, गाडीत बोललात तर उत्तम, समोरासमोर नजर नसली की या वयाची मुलं जास्त ऐकतात. त्याला सांगा की एका माणसाने आकडा बदलत नाही हे संख्याशास्त्रात बरोबर आहे, मी तीस वर्षं तेच शिकवलं. पण बाबांनी त्याला विचारलं होतं ते वेगळंच. तो तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. बाबा अचानक रोज शाळेत सोडायला यायला लागले म्हणून तो कदाचित खूश झाला असेल. त्याने बाबांना एकदा विचारावं की तो दिवस कसा गेला होता. घरी येताना गाडीत काय ठेवलं होतं, तुम्हाला कसं सांगितलं, पहिल्यांदा ग्रोसरीच्या काउंटरवर ओळखीचं माणूस समोर आलं तेव्हा काय वाटलं. अध्यक्षाचं नाव त्या बोलण्यात यायची गरज नाही. आणि माफी मागायला लावू नका. त्याने विचारलं तरी पुरे.

मिस्टरांशी बोलताना त्यांना आधी आकडा मान्य करायला लावू नका. ते नंतर होईल, किंवा होणारही नाही. त्यांना फक्त सांगा की तुम्ही कुठे आहात ते सापडलं.

मग सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची ‘फ्रेड’ नावाची वेबसाइट आहे, फुकट आहे. तिथे बिगरशेती नोकऱ्यांचा आलेख १९३९पासून मिळतो. त्यात मंद्यांचे करडे पट्टे असतात, अध्यक्षांची नावं नसतात, लाल-निळा रंगही नसतो. तो १९९५पासून आजपर्यंतचा लावून मोठ्या कागदावर छापून घ्या आणि जेवणाच्या टेबलावर ठेवा, सोबत पेन्सिल ठेवा. करडे तीन पट्टे दिसतील : २००१चा बारीक, २००८-०९चा जाड, आणि २०२०चा रेघेसारखा, पण त्याच्याखाली विहिरीसारखा खड्डा. मुलाला म्हणावं १९९९चा ठिपका तू काढ, बाबा आले ती जागा दाखव. मार्च २००९चा मिस्टरांना काढू द्या. ग्रोसरीचा आणि चौदा महिन्यांनंतरचाही त्यांनाच.

आणि बाई, पत्रात तुम्ही स्वतःबद्दल अर्धीच ओळ लिहिली आहे, डेकेअरमध्ये नुकतीच लागले होते एवढीच. चौदा महिने घराचा हप्ता आणि दूध कोणाच्या पगारावर आलं, हे त्या टेबलावर अजून कोणीच विचारलेलं दिसत नाही. दोघांचे ठिपके काढून झाले की पेन्सिल तुम्ही घ्या, करड्या जाड पट्ट्यात तुमचा महिना शोधा आणि तुमचाही काढा.